स्वामीजींचा कारावास आणि कायद्याचा कागद

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस, १७ सप्टेंबर, आपल्या जिल्ह्यात दरवर्षी रीतीप्रमाणे साजरा होतो. ध्वजवंदन होते, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि वक्ते स्वामीजींच्या तुरुंगवासाचा उल्लेख त्यागाचे उदाहरण म्हणून करतात. तो उल्लेख यथार्थच आहे. परंतु त्याग या एका शब्दात सारा कारावास गुंडाळून ठेवला की काही प्रश्न विचारावयाचे राहून जातात. स्वामीजींना तुरुंगात घालणारा कायदा कोणता होता? तो कोणी केला होता? ज्या कृत्यासाठी त्यांना पकडले, ते कृत्य सीमेपलीकडील जिल्ह्यातही गुन्हा होते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यास स्वामीजींचे चरित्र हे कायदा आणि कारावास यांच्या संबंधाचा एक पाठच ठरते. हा पाठ आजही जुना झालेला नाही.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापूरच्या शाळेत शिकत असताना असहकाराच्या चळवळीने त्यांना ओढून घेतले. पुढे त्यांनी राष्ट्रीय शिक्षण घेतले, लोकशाहीच्या विकासाचा अभ्यास केला आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काही काळ काम केले. कामगार चळवळीतील हा अनुभव त्यांच्या चरित्रात सहसा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः कायद्याचे एखादे कलम माणसाच्या मजुरीवर, कामाच्या तासांवर आणि पोटावर कसा परिणाम करते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले असले पाहिजे. त्यानंतर हा तरुण निजामाच्या राज्यातील हिप्परगा या खेड्यातील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आला. १९३२ मध्ये त्याने संन्यास घेतला आणि तेव्हापासून तो स्वामी रामानंद तीर्थ झाला.

संन्यास घेऊनही त्यांनी शिक्षकाचा पेशा सोडला नाही. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईस आले. निजामी अमलात या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. येथील योगेश्वरी विद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले. हिप्परग्याहून त्यांच्याबरोबर बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी आले आणि या शाळेतून कार्यकर्त्यांची एक पिढी घडली. बीड जिल्ह्याचा स्वामीजींच्या जीवनाशी जो संबंध आहे, तो या वर्गखोल्यांचा. तेथूनच ते तुरुंगाच्या वाटेला लागले.

एखादा मुख्याध्यापक गुन्हेगार कसा ठरतो, हे समजण्यासाठी त्या काळातील हैदराबाद संस्थानाची कायदेव्यवस्था पाहिली पाहिजे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राज्यात निवडून आलेले, जबाबदार असे कायदेमंडळ नव्हते. राजाचे फर्मान हाच अखेरचा कायदा होता. त्याखालोखाल खात्यांची परिपत्रके असत. त्यांना गस्ती म्हणत. यांपैकी गस्ती निशाण ५३ मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी होती. सरकारची आगाऊ परवानगी घेतल्याखेरीज सभा भरवता येणार नाही, असा तिचा आशय होता. आखाडे आणि खासगी शाळा यांवरही अशाच परवानगीची बंधने होती. म्हणजे चार माणसांनी एकत्र येऊन गावच्या प्रश्नावर बोलणे, मुलांना शिकविणे, तालीम चालविणे, या साध्या नागरी व्यवहारांवर पोलिसांची नजर बसविण्यात आली होती. चोरी वा मारामारी यांना गुन्हा मानावे याबद्दल दुमत नसते. परंतु परवानगीशिवाय बोलणे हा गुन्हा केवळ कागदाने निर्माण केलेला असतो. कागद फाडला की गुन्हाही नाहीसा होतो.

यात भाषेची आणखी एक अडचण होती. राज्याच्या कचेरीची व न्यायालयाची भाषा उर्दू होती. मराठवाड्यातील शेतकऱ्याची भाषा मराठी, तेलंगणातील शेतकऱ्याची तेलुगू. ज्याच्यावर खटला भरला जाई, त्याला आपल्यावरील आरोप वाचून समजण्याचा मार्ग बहुधा नसे. उर्दूविषयी येथे आकस नाही. ती आपल्याच मुलखातील एक समृद्ध भाषा आहे. मुद्दा इतकाच की, कैद्याला न कळणाऱ्या भाषेत चाललेला न्याय हा त्याच्या दृष्टीने नियतीसारखाच असतो.

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि मराठवाड्यातील सार्वजनिक जीवनाला आकार येऊ लागला. पुढच्याच वर्षी स्वामीजींनी अंबाजोगाई सोडली व हैदराबाद हे आपले कार्यक्षेत्र केले. स्टेट काँग्रेसची स्थापना करण्याचे ठरले. परंतु सप्टेंबर १९३८ मध्ये, संस्था रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सार्वजनिक सुरक्षिततेच्या नियमाखाली तिच्यावर बंदी घालण्यात आली. जी संस्था अद्याप जन्माला आली नाही, तिचे सभासदत्व हा गुन्हा ठरला. संस्थेचा आक्षेपार्ह भाग कोणता, याचा विचार केल्यास सरकारला तिच्या नावातील काँग्रेस हा शब्दच विशेष खुपत होता असे दिसते. नाव बदलण्याविषयी पुढे बरीच बोलणीही झाली. एका शब्दासाठी माणसे तुरुंगात गेली, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रहास आरंभ केला. पाठोपाठ स्वामीजींनीही सत्याग्रह करून शिक्षा पत्करली. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा यांचीही वेगळी आंदोलने चालू होती. राजकीय हक्कांच्या लढ्याला जातीय रंग चढू नये म्हणून, गांधीजींच्या सल्ल्यानुसार, स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह स्थगित केला. याच काळात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. पुढे त्यांच्यापैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. हैदराबादेत ज्या गीतासाठी विद्यापीठाचे दार बंद झाले, ते गीत नागपुरात प्रवेशाच्या आड आले नाही.

सत्याग्रह स्थगित झाला, तरी बंदी उठली नाही. १९४० मध्ये स्वामीजींनी गांधीजींच्या संमतीने काही निवडक सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला आणि त्यांना निजामाबादच्या तुरुंगात डांबण्यात आले. तेथून सुटून फार काळ लोटला नाही तोच ऑगस्ट १९४२ उजाडला. मुंबईच्या अधिवेशनाहून स्वामीजी हैदराबादला परतताच त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी शिक्षेचा प्रश्नच नव्हता. ती स्थानबद्धता होती. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान आपल्या सुटकेची तारीख ठाऊक असते. स्थानबद्धाला तीही नसते. सक्तमजुरी, साधी कैद आणि स्थानबद्धता हे तीन शब्द कायद्याच्या पुस्तकात एकाच पानावर येऊ शकतात, पण आत बसलेल्या माणसाचे अन्न, काम, पत्रव्यवहार, भेटी आणि झोप या सर्वांचा निर्णय त्या शब्दांवर होतो. ब्रिटिश हिंदुस्थानात तर १९३० पासून कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले गेले होते, आणि हा वर्ग ठरविताना कैद्याचे शिक्षण, सामाजिक दर्जा व राहणीमान पाहिले जाई. बाहेरची विषमता तुरुंगाच्या दारातून अशी रीतसर आत नेली जाई.

संन्याशाच्या बाबतीत कायद्याची एक पंचाईत होते. त्याला दंड केला तर तो भरावयास त्याच्यापाशी पैसा नसतो. जप्ती करावी तर घर नसते. नोकरीवरून काढावे तर नोकरीची आस नसते. स्वामीजींना तुरुंगाने फक्त त्यांचा काळ व प्रकृती हिरावून नेली. परंतु त्यांच्याबरोबर आत गेलेले बहुतेक सारे प्रपंची होते. कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी. त्यांच्या कारावासाची शिक्षा त्यांच्या घरादाराने भोगली. पेरणीला माणूस नाही, शाळेची फी भरावयास कोणी नाही, सावकाराचे व्याज मात्र चालूच. कारावासाचा हिशेब मांडताना आपण कैद्याचे दिवस मोजतो. कुटुंबाने गमावलेल्या उत्पन्नाचा व नव्याने घेतलेल्या कर्जाचा हिशेब कोणत्याही तुरुंगाच्या दप्तरात नोंदलेला नसतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही.

जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. सुमारे आठ वर्षे जे कृत्य गुन्हा होते, ते एका आदेशाने कायदेशीर झाले. संस्था तीच, माणसे तीच, मागणीही तीच. मग त्या आठ वर्षांतील कारावासाला काय म्हणावयाचे? याचे उत्तर कोणत्याही सरकारने कधी दिलेले नाही.

जून १९४७ मध्ये निजामाने आपले संस्थान स्वतंत्र राहील असे जाहीर केले. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट हा भारतीय संघराज्यात सामील व्हा दिन म्हणून पाळला. १५ ऑगस्ट १९४७ या दिवशी स्वामीजींना अटक झाली. शेजारच्या अहमदनगर व सोलापूर जिल्ह्यांत त्या सकाळी सरकारी इमारतींवर तिरंगा चढत होता, आणि सीमेच्या अलीकडे बीड जिल्ह्यात तोच तिरंगा उभारणाऱ्याला पोलीस पकडीत होते. सीमेवरचा शेतकरी एका बांधावर देशभक्त आणि दुसऱ्या बांधावर गुन्हेगार होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी स्वामीजी सुटले. २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा पकडण्यात आले. बाहेर रझाकारांचा हैदोस चालू होता. त्याविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे इमरोज पत्राचे संपादक शोएब उल्लाखान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी नव्हता, याची साक्ष त्या तरुण पत्रकाराने प्राण देऊन दिली. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

चरित्रकार बहुधा येथे थांबतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कैदी मुक्त झाले, काही सत्तेवर आले, पण तुरुंग रिकामे झाले नाहीत. लष्करी प्रशासनाच्या काळात रझाकार म्हणून, साम्यवादी म्हणून असंख्य माणसे आत गेली, आणि त्यांपैकी प्रत्येकाने काही केले होतेच असे नाही. तेलंगणातील काही शेतकऱ्यांना विशेष न्यायाधिकरणांनी फाशीच्या शिक्षा सुनावल्या आणि ते प्रकरण १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राज्यघटना अमलात येऊन जेमतेम महिना होतो तोच, १९५० मध्ये, संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. तो एका वर्षापुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत १९६९ च्या अखेरपर्यंत टिकला. १९७१ मध्ये मिसा आला, १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८१ मध्ये महाराष्ट्राचा झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आदींविरुद्धचा स्थानबद्धता कायदा. खटल्यावाचून माणसाला आत ठेवण्याचे जे हत्यार परकी व संस्थानी राजवटींनी वापरले, ते स्वराज्याने टाकून दिले नाही. त्याला सल्लागार मंडळाची, कमाल मुदतीची चौकट घातली, आणि ही सुधारणा कमी महत्त्वाची नाही. परंतु हत्यार मूळचेच राहिले.

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले. मंत्रिपदाच्या मागे ते लागले नाहीत. कुळांच्या हक्कांचा त्यांनी आग्रह धरला, भूदानाच्या कार्यात भाग घेतला, आणि हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे ही भूमिका घेतली. हे विभाजन १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रत्यक्षात आले. जमिनीचा प्रश्न सोडविल्याखेरीज स्वातंत्र्य खेड्यात पोचणार नाही, हे त्यांना उमगले होते. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी आणीबाणी आली, आणि निजामाचा तुरुंग पाहिलेल्या काहींना उतारवयात स्वतंत्र भारताचा तुरुंगही पाहावा लागला. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे. स्मारके झाली. पण त्यांच्या तुरुंगवासाचे स्मारक कोठे शोधावे?

ते तुरुंगातच शोधावे लागेल. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे भारतातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांची एकूण क्षमता सुमारे ४ लाख ३६ हजारांची. या कैद्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. कच्चे कैदी सोडून दिले तर तुरुंगांची एकूण क्षमता भरणार नाही, असे हे गणित सांगते. यांतील प्रत्येक जण निर्दोष आहे, असा दावा कोणी करणार नाही. गंभीर गुन्ह्यांत आरोपीला आत ठेवणे आवश्यक असते, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या सुरक्षिततेचाही विचार करावाच लागतो. परंतु पुष्कळ माणसे आत असतात ती आरोपाच्या गांभीर्यामुळे नव्हे. न्यायालयाने जामीन मंजूर केलेला असतो आणि जामीनदार मिळत नाही.

आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, हे पाहावे. जामीनदाराने सात-बारा आणावा, तहसिलीतून ऐपतीचा दाखला आणावा, अशी अपेक्षा असते. ज्याच्या साऱ्या नात्यात कोणाच्याच नावावर जमीन नाही, त्याने सात-बारा कोठून आणावा? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. खटल्याची तारीख मात्र बीडला, माजलगावला किंवा केजला पडते. तारखेला यावे तर मजुरी बुडते आणि उचल फिटत नाही. न यावे तर वॉरंट निघते आणि पूर्वी मिळालेला जामीनही जातो. कायद्याने गरिबीला गुन्हा म्हटलेले नाही, पण कायद्याची कार्यपद्धती गरिबीला गुन्ह्यासारखीच वागविते.

हे कोणाच्या ध्यानात आले नाही असे नाही. बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच जलद न्याय हा जीविताच्या हक्काचा भाग मानला. जामिनाची वा दंडाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांना मदत करण्याची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. २०२३ मध्ये कच्च्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्यासाठी २५ हजारांपर्यंत तिची मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असल्यास त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. मात्र फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असणाऱ्यांना ती लागू नाही. तसेच ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील कामे जातीनुसार वाटणाऱ्या नियमांना घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमातींचा छळ स्वातंत्र्यानंतरही सराईत गुन्हेगार या शब्दाआडून चालू राहिला, याची दखलही त्या निकालात आहे. पारध्यांच्या वस्त्या ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्याने हा निकाल लक्षपूर्वक वाचावयास हवा. योगायोगाने ३ ऑक्टोबर हा स्वामीजींचा जन्मदिवस आहे.

तात्पर्य, चांगले कागदही आता आपल्यापाशी आहेत. पण वाईट कागद आपोआप अमलात येतो आणि चांगला कागद कोणीतरी मागणी केल्याशिवाय हलत नाही, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे. ही मागणी कोण करणार? ज्यांना वाचता-लिहिता येते, अर्ज करता येतो, तहसिलीतल्या कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो हे ठाऊक असते, त्यांनीच ती करावयाची आहे. शिक्षक, कारकून व विद्यार्थी हा तोच वर्ग होय. स्वामीजींना साथही याच वर्गाने दिली होती. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी विद्यापीठ गमावले, शाळेतील शिक्षकांनी नोकऱ्या गमावल्या. आज एवढी किंमत कोणी मागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने एखाद्या कैद्याचा एकतृतीयांश काळ भरला काय ते तपासणे, त्याच्या बायकोला अर्ज लिहून देणे, ऊसतोडीवर गेलेल्या आरोपीची अडचण वकिलामार्फत न्यायालयापुढे मांडणे, एवढीच ही कामे आहेत. त्यांना मिरवणूक लागत नाही.

गस्ती निशाण ५३ कधीच रद्द झाली. तिच्याविरुद्ध जे लढले, त्यांच्यापैकी बहुतेक आता हयात नाहीत. परंतु माणूस आत का आहे आणि किती दिवस आहे, हा प्रश्न एका संन्यासी मुख्याध्यापकाने निजामाच्या राज्याला आपल्या देहाने विचारला होता. तो प्रश्न आपल्या जिल्हा कारागृहाच्या दारावर आजही विचारता येतो, आणि तो विचारावयास आता कोणत्याही परवानगीची गरज नाही.